खरा काटा

"काटा लागलाय" हे या घरात कोणी उगाच म्हणत नसे. मागच्या खोलीतल्या दगडी ओट्यावर, काचेच्या पेटीतला नाजूक काटा वजनाला लावला, की कोणीतरी दारात येऊन हे दोन शब्द म्हणायचं आणि सगळं घर होतं तिथे थबकायचं. जिन्यावरचा जिन्यावर, नळाखालचा नळाखाली. त्या काट्याला पावलाचा हादरा लागतो, दाराचा वारा लागतो, बोलणाऱ्याचा श्वाससुद्धा लागतो. धाकटी सून या घरात नवी नवी आली तेव्हा दुधाचं तापलेलं पातेलं हातात धरून अशीच उभी राहिली होती, हात भरून आले तरी हलली नव्हती. शेवटी नवऱ्याने येऊन सांगितलं, "अगं, काटा मघाच निघाला. तुला सांगायचंच राहिलं." त्या गोष्टीवर घर अजून हसत असे, आणि धाकटीही हसत असे, पण मनातून नाही.

त्या दुपारी मात्र थोरली जाऊ मधल्या दारात आली, पदराशी चाळा करत "काटा लागलाय" म्हणाली आणि सरळ धाकटीच्या डोळ्यांत बघत राहिली. दुकानात थोरल्या दिराने हातोडा खाली ठेवला. धाकटीच्या नवऱ्याची गिऱ्हाइकापुढे चाललेली टकळी वाक्याच्या मध्येच बंद पडली. सगळं घर गप्प झालं. पण काटा लागलेलाच नव्हता, आणि हे थोरलीखालोखाल फक्त धाकटीला ठाऊक होतं.

मागच्या खोलीत, काट्याची पेटी बाजूला सरकवून, त्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून चिमटी परीक्षेला बसली होती. चिमटी म्हणजे थोरलीची एकुलती एक मुलगी. खडीसाखरेच्या तुकड्याहून बारीक वजनं चिमट्याने उचलण्यात लहानपणापासून तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून तिला ते नाव पडलं होतं. शाळेत तिने परकी भाषा घेतली तेव्हा कोणी काही म्हटलं नाही. कोणी चित्रकला घेतं, कोणी पेटी शिकतं, हिने भाषा घेतली. पण बघता बघता ती त्या भाषेत स्वतःशी पुटपुटू लागली, झोपेत बोलू लागली, आणि आता शाळेचं शेवटचं वर्ष सरत असताना ती भाषा जिथे बोलतात त्या देशातल्या कॉलेजाने तिचा अर्ज बाजूला काढून ठेवला होता. तिथे दुभाषे तयार करतात. एक तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. त्यात परीक्षा घेणाऱ्या बाईंनी हो म्हटलं तर जागा मिळणार होती, नाही म्हटलं तर विषय संपला.

विषय मामंजींच्या लेखी केव्हाच संपला होता. गावभर त्यांना काटेमास्तर म्हणत. औषधवाले, सोनार, प्रयोगशाळावाले, सगळ्यांचे नाजूक काटे त्यांच्याच हाताखालून जात. आता त्यांची नजर अधू होत चालली होती, आणि दोन्ही मुलांमधून त्यांना वारस मिळाला नव्हता. थोरल्याचा हात घणाचा आणि धाकट्याचा हात नुसता बोलताना हलवायचा, असं ते म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मागच्या ओट्यावर माझ्यानंतर चिमटी बसेल, हे त्यांनी एकदा जेवताना सांगून टाकलं होतं. त्यावर वाद झाला नाही. मामंजींशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, आणि भिंत निदान उलट बघत तरी नाही. थोरलीने मग वाद घातलाच नाही. मामंजी वजनं तपासून शिक्का मारून आणायला सरकारी कचेरीत जातात तो दिवस तिने परीक्षेसाठी धरला, आणि बाकी घर गप्प ठेवायला या घरात दोन शब्द पुरेसे होते.

धाकटीला तिने विश्वासात घेतलं ते नाइलाजाने. दुकानाच्या गल्ल्यावर धाकटी बसते, तिला कळल्याशिवाय राहिलं नसतं. "तुझ्या हातात आहे गं," एवढंच थोरली म्हणाली होती. ते ऐकून धाकटीला बरं वाटायला हवं होतं. पण गेल्या वर्षी धाकटीच्या मुलाला कॉलेजने नाही म्हटलं, तेव्हा हीच थोरली "अभ्यास केला असता तर" म्हणाली होती, आणि ते वाक्य धाकटीच्या घशात अजून अडकलेलं होतं. मुलगा आता वरच्या माळ्यावर पितळी वजनं घासून चकाकवत बसे.

आणि मामंजी लवकर परत आले. कचेरीत ज्याच्या हाती शिक्का तो साहेबच रजेवर होता.

ते दुकानाच्या पायरीवर आले आणि घराची शांतता ऐकून तिथेच थांबले. चपला काढून हातात घेतल्या. मग धाकटीजवळ येऊन, काटा लागलेला असताना बोलतात त्या दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, "कोणी लावला?"

चिमटीने लावलाय, थांबा जरा, असं धाकटीने म्हटलं असतं की झालं असतं. मामंजी तिथेच उभे राहिले असते, सूर्य मावळेपर्यंत उभे राहिले असते. काटा लागलेला असताना दार उघडण्याचं पाप त्यांनी जन्मात केलं नव्हतं. थोरली मधल्या दारातून हात जोडल्यासारखं करत होती.

"ठाऊक नाही," धाकटी म्हणाली. "बघा जाऊन."

मामंजींच्या चेहऱ्यावर धाकटीला काळजी दिसली. कोणी लावला ठाऊक नाही म्हणजे कोणा अडाण्याने लावला, आता काट्याचं काही खरं नाही. ते अनवाणी, भिंतीच्या कडेकडेने, एकही फरशी न वाजवता मागे गेले आणि त्यांच्यामागे सगळे गेले. थोरलीने वाटेत धाकटीकडे जे पाहिलं ते धाकटीने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दार उघडलं तेव्हा चिमटी हसत होती.

धाकटी सगळ्यांच्या मागे होती, तिला आधी ते हसणंच ऐकू आलं आणि ते कोणाचं हे कळलं नाही. आवाज जरा खालचा, घशातून येणारा. पडद्यावर पिकल्या केसांच्या, चष्मा लावलेल्या एक बाई होत्या आणि चिमटी त्यांना काहीतरी सांगत होती, भराभर, हातवारे करत, एरवी कधी करत नसे तसे खांदे उडवत. या पोरीचं धाकटीने नाक पुसलं होतं, तिच्या वेण्या घातल्या होत्या. ती आता दुसऱ्याच कोणाच्या तरी घरात, दिवाणखान्यात पाय पसरून बसल्यासारखी त्या भाषेत बसली होती. धाकटीला भीतीच वाटली. रोज ज्या भिंतीला टेकून बसतो त्या भिंतीत एक दार होतं आणि पलीकडे भलीमोठी खोली होती, हे आजवर कळलंच नव्हतं, असं काहीसं तिला वाटलं.

मग चिमटीला आजोबा दिसले आणि तिचं हसू मावळलं.

मामंजींनी आधी काचेच्या पेटीकडे पाहिलं. काटा मोकळा होता, पारडी रिकामी. मग त्यांनी नातीकडे पाहिलं, थोरल्या सुनेकडे पाहिलं. ते ओरडले असते तर परवडलं असतं.

पडद्यावरच्या बाईंनी काहीतरी विचारलं. चिमटीने उत्तर दिलं, बाईंनी पुन्हा विचारलं, आणि चिमटी उभी राहिली. ती वळून म्हणाली, "आजोबा, कोण आलंय असं बाईंनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. तुम्हाला काही बोलायचं असेल तर बोला, मी त्यांना सांगेन. त्या म्हणतात, पुस्तकातलं विचारून झालं, आता याचीच परीक्षा."

"मी सांगेन ते सांगशील?" मामंजी म्हणाले.

"तुमच्यातलं काढणार नाही. माझं घालणार नाही. आम्हाला पहिलं तेच शिकवलंय."

या घरात आजवर निरोप नेताना मीठमसाला न लावणारं कोणी जन्माला आलं नव्हतं. धाकटीने स्वतः सासूबाई हयात असताना त्यांचे निरोप थोरलीला आणि थोरलीचे त्यांना नेऊन कितीदा तरी घरात रामायण घडवलं होतं. तेव्हा तिला हे ऐकून मनातल्या मनात हसू आलं. बघू या, म्हणाली ती स्वतःशी.

मामंजी स्टुलावर बसले. म्हणाले, "त्यांना सांग. या घरात आज पहिल्यांदा खोटा काटा लागला, आणि तो तुमच्यापायी लागला."

चिमटीने तोंड उघडलं आणि मिटलं. "आजोबा, काटा लागणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नसणार. तेवढं समजावून सांगू का? माझं म्हणून सांगेन, तुमच्या तोंडी घालणार नाही."

मामंजींनी मान हलवली. धाकटीच्या लक्षात आलं, की ती मान त्यांनी जरा उशिराने हलवली.

चिमटी बोलली. काचेच्या पेटीकडे हात केला, पावलांकडे केला, ओठांवर बोट ठेवलं. मग क्षणभर थांबून तिने एक लहानसं वाक्य म्हटलं, आणि बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. ते वाक्य आजोबांचं होतं हे कोणी सांगायची गरज नव्हती.

"आणि सांग," मामंजी म्हणाले, "ही मुलगी मला न विचारता इथे बसली. हिच्या हातात पहिला चिमटा मी दिला. त्या आजोबाला हिने दाराबाहेर ठेवलं. घरात खोटं बोलणारी मुलगी तुमच्याकडे सरळ वागेल, हे तुम्ही कशावरून धरता?"

"मामंजी, परीक्षा आहे हो तिची," थोरली म्हणाली.

चिमटीने सांगितलं. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज पाण्यासारखा सरळ वाहत होता, आणि अखेरीला तिने एक छोटं वाक्य वेगळ्याच स्वरात म्हटलं तेव्हा बाईंची नजर थोरलीकडे वळली. म्हणजे आईचंही तिने सांगून टाकलं होतं. धाकटीचा नवरा दोन वर्षं बंदरावर काम करून आला होता आणि त्या भाषेतल्या शिव्या नि खाण्याचे पदार्थ एवढं जाणून होता. तो बायकोच्या कानाशी लागला. "खोटं बोलणारी, असं म्हणाली बघ. तो शब्द मला येतो." येणारच, धाकटीला वाटलं.

बाई बराच वेळ बोलल्या. चिमटीने ऐकून घेतलं आणि घरच्यांकडे तोंड करून म्हणाली, "तुमचा राग मला समजतो. परीक्षेला बसलेल्या मुलीने घरच्यांपासून ते लपवावं, हे मलाही आवडलेलं नाही. मला आधी कळलं असतं तर मी ही परीक्षा घेतली नसती."

"मला म्हणजे कोणाला?" थोरला गोंधळून म्हणाला.

"बाईंना, बाबा. बोलत त्या आहेत."

पोर तीच, जिच्या फ्रॉकचा घेर धाकटीने उसवून मोठा केला होता, पण तिच्या तोंडातून एक अनोळखी बाई 'मी' म्हणत होती आणि मघाशी तिच्याच तोंडातून सत्तरीचे मामंजी 'मी' म्हणाले होते. आणि स्वतः चिमटी, जिचं सगळं आयुष्य त्या दोघांच्या मध्ये टांगलेलं होतं, ती कुठेच बोलत नव्हती. काय म्हणावं याला, हे धाकटीला कळेना. तिला हात जोडावेसे वाटले.

मामंजी नातीकडे बघत होते. ते तसं कोणाकडे बघत नसत. दुकानात नवा काटा आला की ते बघणं असायचं. डावीकडे वजन, उजवीकडे तोलायची वस्तू, काटा मधोमध उभा. एवढ्यावर कच्चा माणूस खूश होतो. पण दांडीची एक बाजू किंचित लांब असली तर लबाड काटासुद्धा तसा उभा करता येतो. म्हणून मामंजी डावीकडचं उजवीकडे आणि उजवीकडचं डावीकडे टाकून बघत. लबाडी तेव्हा उघडी पडते. आणि त्या कसोटीला उतरलेला काटा ते दुकानात ठेवत नसत, त्याच दिवशी ज्याचा त्याला पोचता करत. शोभेला ठेवलेला काटा बिघडतो, असं त्यांचं म्हणणं.

"आता उलट करू," मामंजी म्हणाले. "बाईंना म्हणावं, आता तुम्ही सांगा. हिच्यात काय कमी आहे ते आम्हाला सांगा. घरची माणसं ऐकतायत म्हणून गोड करू नका."

चिमटीने ते सांगितलं. बाईंनी तिला काहीतरी विचारलं, बहुधा नक्की का म्हणून, आणि तिने मान हलवली. मग बाई बोलू लागल्या. मधे थांबत आणि चिमटी सांगत जाई.

"ही मुलगी पुस्तकासारखं बोलते. आमच्याकडे आता असं कोणी बोलत नाही, माझी आजी बोलायची. घाई झाली की हिची वाक्यं अर्धवट सुटतात. हिच्याहून चांगलं बोलणारी मुलं या महिन्यात माझ्याकडे येऊन गेली."

थोरलीने डोळ्याला पदर लावला. चिमटीने तिच्याकडे पाहिलं नाही.

"पहिलं वर्ष हिला फार जड जाईल. सगळा वर्ग हसेल आणि हिला विनोद कळणार नाही. अशी मुलं खोलीत दार लावून रडतात. काही सामान बांधून परत जातात. ही जाणार नाही, असं वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही."

"पुरे गं," थोरला म्हणाला. "एवढं कशाला सांगतेस, बाळा? गाळलं असतंस थोडं, तर आम्हाला काय कळणार होतं?"

"म्हणूनच गाळलं नाही, बाबा," चिमटी म्हणाली, आणि त्या दुपारी स्वतःविषयी ती बोलली ते एवढंच.

धाकटीने आपल्या सासऱ्याचा चेहरा वर्षानुवर्षं पाहिला होता आणि त्यावर तिला आजवर आश्चर्य असं दिसलं नव्हतं. आता ते दिसत होतं. तोंड जरासं उघडं, आणि नजर दहा वर्षांच्या पोराची.

मग ते एकदम म्हणाले, "दुकानातून मी आत आलो, तेव्हा मला कोणी अडवलं कसं नाही?"

कोणाला विचारलं ते स्पष्ट होतं. धाकटीच्या तोंडात थाप तयार होती, चांगली बेतलेली. पण ज्या खोलीत ते पोर स्वतःच्या विरुद्धचा शब्द न् शब्द मोजून देत उभं होतं, त्या खोलीत ती थाप तिला काढता येईना.

"मला अडवता आलं असतं, मामंजी," ती म्हणाली. "ठाऊक असून नाही अडवलं. माझ्या मुलाचं झालं नाही, मग हिचंही नको, असं वाटलं मला. मघाशी वाटलं. आता नाही वाटत."

आणि चिमटीने, सवयीने, तेही समुद्रापार पाठवून दिलं.

"अगं ए," धाकटी म्हणाली, पण उशीर झाला होता. पडद्यावरच्या बाई आता तिच्याकडे बघत होत्या. आपली घरातली भानगड एवढ्या लांब जाईल असं धाकटीला बापजन्मी वाटलं नव्हतं. बाई काहीतरी म्हणाल्या. चिमटी तिच्याकडे वळली. "तुम्ही अडवलं नाहीत ते बरं झालं. अडवलं असतंत तर आज मला हे बघायला मिळालं नसतं."

थोरलीचा हात धाकटीच्या दंडावर आला. तो चिमटा काढायला आला असावा असं धाकटीला आधी वाटलं, पण तो नुसताच तिथे राहिला.

बाई पुन्हा बोलू लागल्या, या वेळी थोडंच. आणि पहिल्यांदाच चिमटी गप्प उभी राहिली. खाली बघू लागली.

"काय म्हणाल्या?" मामंजींनी विचारलं.

"नंतर सांगते, आजोबा."

"गाळायचं नाही म्हणालीस ना?"

निंदा घडाघडा सांगणाऱ्या पोरीची जीभ आता अडखळत होती. "मी पुष्कळ वर्षं ही परीक्षा घेते. भाषा आम्ही शिकवू शकतो. हे जे मी आत्ता पाहिलं ते आम्हाला शिकवता येत नाही, ते मुलं घरून घेऊन येतात किंवा येत नाहीत. माझ्याकडून होकार आहे. पण तुमच्या माघारी मी हिला नेणार नाही. काटेमास्तर, तुम्ही काय म्हणता?"

हात लांब करून मामंजींनी पेटीची काच वर सरकवली, आतली दोन्ही रिकामी पारडी बोटाने हलकेच थांबवली आणि काच पुन्हा खाली घेतली. त्यांच्यानंतर त्या ओट्यावर कोण बसणार, हा प्रश्न तिथेच पेटीशेजारी पडून राहिला होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. त्यांना तर सर्वांत आधी.

"सांग त्यांना," ते म्हणाले. "पारडी बदलून पाहिली. काटा मधोमधच राहिला. खरा ठरलेला काटा आमच्या दुकानात ठेवून घेत नाहीत. ज्याचं काम असेल त्याने न्यावा."

चिमटी पडद्याकडे वळली. पहिला शब्द आला, दुसरा आला, आणि तिसऱ्याला तिचा आवाज फाटला. ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडली.

"घाई नको," मामंजी म्हणाले. "पूर्ण सांग. माझं आहे ते."

मग तिने ते सांगितलं, शब्दाला शब्द, अखेरपर्यंत, गालांवरून पाणी वाहत असताना. त्यातलं एक अक्षर खोलीतल्या कोणाला येत नव्हतं, धाकटीच्या नवऱ्यालासुद्धा नाही. आणि तरी ते बरोबर सांगितलं गेलंय, हे प्रत्येकाला कळलं. बाईंनी पलीकडे मान खाली घातली आणि तशीच ठेवली.

पडदा काळा झाल्यावरही कोणी पाऊल उचललं नाही. काटा निघाला, असं म्हणायचं त्या दिवशी कोणालाच सुचलं नाही, आणि सगळं घर जिथल्या तिथे उभं राहिलं.